नारळ अडकला तिथपर्यंत

हाल्या भगताने पाड्याची शीव बांधली त्या दिवशी कोंबडा मी धरला होता, त्यामुळे जे झालं ते मला नीट माहीत आहे.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरपासून जमीन हलत होती. डहाणूत हलत होती, तलासरीत हलत होती, पण आमच्या भेंडीपाड्यात जरा जास्तच हलते असं आमच्याकडे प्रत्येकाचं म्हणणं होतं. शेजारच्या पाड्यात त्यांचं त्यांच्याबद्दल तेच म्हणणं होतं. आधी खाणीत सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, मग कुत्री भुंकायची. जनावराला आधी कळतं म्हणतात. आमच्या कुत्र्यांना आमच्यानंतर कळायचं.

हाल्याने पाड्याच्या चारी कोपऱ्यांवर खिळे ठोकले, लिंबं कापली, वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावला, कोंबडा दिला आणि सांगितलं की आता आत काही येत नाही. संध्याकाळी जमीन हलली. दोन घरांची कौलं पडली. त्यातलं एक घर हाल्याचं.

सकाळी लोक त्याच्याकडे गेले. तो ओट्यावर बसून दात घासत होता.

"मी चार बाजू बांधल्या," तो म्हणाला. "हे खालून आलं. खालून येणार असं कुणी मला सांगितलेलं?"

कुणी सांगितलेलं नव्हतं. लोकांनी विचार केला. आजवर साथ आली ती रस्त्याने आली, बिबट्या आला तो जंगलातून आला, जंगलखात्याचा गार्ड आला तो मोटारसायकलवरून आला. खालून कधी काही आलं नव्हतं.

"मग गावदेवाची हद्द खाली कुठपर्यंत?" मी विचारलं.

हाल्याने चूळ भरली. "मातीपर्यंत आहे. मुरुमापर्यंत असावी. खडकाचं मी कसं सांगू."

शाळेमागे एक बोअर आहे, पाणी लागलं नाही म्हणून सोडून दिलेली. तिच्यातून खालची बाजू बांधायची ठरली. मंतरलेला नारळ तळाला पोचला की काम झालं. मी म्हटलं, नारळ सोलून टाका, भोक लहान आहे. हाल्या म्हणाला, देवाला उघडा नारळ देतात का. मग त्याने शेंडीसकट टाकला आणि तो मध्येच कुठेतरी अडकला. सगळ्यांनी आळीपाळीने वाकून बघितलं. अंधार होता.

"ठीक आहे," हाल्या म्हणाला. "तिथपर्यंत बांधलं."

तेव्हापासून आमच्या पाड्यात देवाची खालची हद्द ठरलेली होती. नारळ अडकला तिथपर्यंत. त्याच्या खाली कोण बघतं, हा प्रश्न कुणी काढला नाही. दोन महिन्यांनी तो आमच्याच घरात निघाला.

मधल्या काळात तालुक्याहून एक साहेब येऊन गेले, भूकंपात काय करायचं ते शिकवायला. शाळेच्या अंगणात सगळ्यांना बसवून ते म्हणाले, पळू नका, घाबरू नका, टेबलाखाली जा आणि टेबलाचा पाय घट्ट धरा. पाड्यात टेबल एकच आहे, वासुदेव गुरुजींचं. सगळा पाडा त्या टेबलाकडे बघू लागला. गुरुजींनी टेबलावरचा हात हळूच काढून घेतला. पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं, "साहेब, आधी म्हातारी माणसं का आधी पोरं?" साहेब म्हणाले, "आपापल्या घरच्या टेबलाखाली जायचं." बाई म्हणाली, "बरं."

मग तंबू आले. लोक रात्रीचे शेतात तंबूत झोपायला लागले आणि दिवसा घरात स्वयंपाक करायला लागले. मी तेव्हा डहाणू रोडला, मसोलीत एका मोबाइलच्या दुकानात कामाला होतो. तिथेही काउंटरची काच थरथरायची. शेठ हिशेबातून मान वर न करता म्हणायचे, "आ तो रोजनू छे." मला वाटायचं, मुंबईला जाणाऱ्या गाड्यांनी हलतंय आणि उगाच जमिनीला नावं ठेवतायत.

फेब्रुवारीत आईचा फोन आला की रूपीवहिनी बाळंत झाली, मुलगी झाली, ये.

माझा भाऊ रविंद्र खलाशी आहे. तो तेव्हा वेरावळकडच्या एका बोटीवर होता आणि बोट समुद्रात होती, म्हणजे त्याला आपण बाप झालो हे चार-आठ दिवस तरी कळणार नव्हतं. बाबा बरीच वर्षं झाली गेले. घरात आई आणि वहिनी दोघीच. वहिनीला दवाखान्यात न्यायचं ठरलेलं होतं, पण पोरगी गाडीची वाट न बघता आली. बारकीआजीला बोलावलं. ती आमच्याकडची सुईण. मला तिनेच ओढून काढलंय, रविंद्रला तिनेच, आणि हाल्यालासुद्धा तिच्या आईने. दुसऱ्या दिवशी नर्सबाई येऊन दोघींना तपासून गेल्या. सगळं ठीक होतं.

ठीक नव्हतं ते घर. आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं होतं. समुद्राच्या कमाईतून रविंद्रने ते पाडून विटांचं बांधलं. पाड्यातलं पहिलं विटांचं घर म्हणून लोक बघायला यायचे. आता ते परत बघायला येत होते, कारण मागच्या खोलीच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली होती. भेगेत एक सरडा राहायला आलेला. हाल्याचं कुडाचं घर हलायचं आणि पुन्हा उभं राहायचं, माणूस शिंकून उभा राहतो तसं. आमचं घर शिंकत नव्हतं. ते रुसून बसलं होतं.

आणि बाळंतीण त्याच भिंतीखाली होती.

मी पोचलो तेव्हा वहिनी भिंतीपासून जमेल तेवढी लांब, खोलीच्या मधोमध पोरीला घेऊन बसलेली. आई चुलीपाशी. बारकीआजी दारात पाय पसरून मशेरी लावत होती.

"भावजी, तुम्ही सांगा यांना," वहिनी म्हणाली. वहिनी वाणगावची, बारावी झालेली, आणि घरात आल्यापासून तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "सगळा पाडा बाहेर झोपतो. मी आणि ही पोर आत. का, तर पाचवी झाली नाही."

"पाचव्या दिवसापर्यंत उंबरा ओलांडायचा नसतो," आई म्हणाली. "परवा पाचवी. परवा पूजा झाली, सटवाई येऊन लिहून गेली, की तू पोरीला घेऊन चंद्रावर जा."

"तोवर भिंत थांबेल का?"

"थांबेल."

"कुणी सांगितलं?"

आईने चुलीत लाकूड सारलं.

सटवाईचं तुम्हाला माहीत असेलच. जन्मानंतरच्या पाचव्या रात्री ती येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते. आमच्याकडे त्यात आणखी एक गोष्ट आहे. नाळ घरातच पुरतात, न्हाणीच्या कोपऱ्यात, बाळंतीण तिच्यावरच अंघोळ करते. आणि सटवाई येते ती नाळेपाशी येते. पाटा-वरवंटा तिथेच मांडायचा, दिवा तिथेच, पोर तिथेच.

"ती देवी ना?" वहिनी म्हणाली. "सगळ्या जगातल्या पोरांचं लिहिते ना? मग आमच्या घरातून शेतातल्या तंबूत यायला तिला काय होतंय?"

"तिला काय होत नाय," बारकीआजी म्हणाली. "पण ती येत नाय."

"येत नाही का येऊ शकत नाही?"

बारकीआजीचं बोट दातांवर थांबलं. म्हातारीने पाड्यातल्या निम्म्या लोकांना जगात आणलं असेल, पण हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा.

"येऊ शकते," ती सावकाश म्हणाली. "तिला सगळं येतं. पण जिथं बोलावणं तिथं ती येते. तुला पण येईल की हाल्याच्या घरी जाऊन जेवायला. जाशील का उगाच?"

"मग तंबूत बोलावू. बोलावलं की येईल. ती कुठेही येऊ शकते, तर तिथेही येईल."

हे वहिनी सरळ बोलली, भांडण्यासाठी नाही. तिला पोरीला बाहेर न्यायचं होतं, बाकी काही नको होतं. पण आई चुलीपासून उठली, पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

मी मागे गेलो. ती पेंढ्याच्या उडवीपाशी उभी होती. आई रागावली की काहीतरी निवडत बसते, तांदूळ नाहीतर डाळ. तिथे निवडायला काही नव्हतं, म्हणून ती पेंढ्याच्या काड्या निवडत होती.

"आये, टेबल आणू का शाळेतलं?" मी म्हटलं. तिला हसवायला म्हटलं.

"तुझ्या आधी एक होती," ती म्हणाली. "शुक्री."

मला एक बहीण होती हे मला माहीत होतं, पण जसं आपल्याला खापरपणजोबा होते हे माहीत असतं तसं. नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"भिवंडीकडे भट्टीवर होतो आम्ही, विटा पाडायला. तिथंच झाली. बारकी नव्हती, कोण नव्हतं. तुझ्या बाबाने खोपटीच्या मागे नाळ पुरली. पाचवीला पाटा कुठून आणणार? मी एक वीट घेतली. कच्ची, ओली. तिच्यावर तांदूळ ठेवले, दिवा लावला आणि म्हटलं, ये बाई. रात्रभर बसून राहिले. पाऊस पडायच्या आत पोर गेली. दोन दिवस ताप, बस." तिने काडी टाकली, दुसरी घेतली. "ती वीटही गेली भट्टीत. भाजली असेल, विकली असेल. कुणाच्या तरी भिंतीत आहे."

मी एक काडी उचलून तिच्या हातात दिली. माझ्याकडे सहसा बोलायला असतं.

"मी तेव्हाच मनाला समजावलं," आई म्हणाली. "सटवाई आली नाही. भट्टी काय पाडा नाही, तिला कसं कळणार तिथं कोण जन्मलंय? तिला सापडली नाही माझी पोर. म्हणून लिहिलं नाही, म्हणून राहिली नाही. एवढंच झालं. त्यात तिची चूक नाही, माझी नाही."

"हो," मी म्हटलं.

"आणि आता ही रूपी म्हणते की ती कुठेही येते." आईने माझ्याकडे बघितलं. "कुठेही येत असेल तर तिथंही आली होती. आली, दिव्यापाशी बसली, माझ्या पोरीचं तोंड बघितलं, आणि तेवढंच लिहून उठून गेली. मग मी इतकी वर्षं कुणाला हात जोडते?"

शाळेत असताना आम्हाला शिकवलं होतं की देव सर्वशक्तिमान आहे. फळ्यावर लिहिलं होतं, आम्ही वहीत उतरवलं होतं. कुणालाही वाटेल की देव जेवढा मोठा तेवढा माणसाला आधार. माझ्या आईला देव लहान हवा होता. ज्याला भट्टीचा पत्ता सापडत नाही असा. त्याच्यावर तिला प्रेम करता येत होतं. मोठ्या देवाशी तिचं भांडण झालं असतं, आणि ते तिने इतकी वर्षं टाळलं होतं.

"टेबल आण," आई म्हणाली.

"काय?"

"शाळेतलं. म्हणालास ना. भिंत पडली तर टेबलावर पडेल. पोर आतच राहील."

मी वासुदेव गुरुजींकडे गेलो. त्यांना वाटलं मी गंमत करतोय, माझ्याबद्दल तसं वाटायची लोकांना सवय आहे. नंतर माझं तोंड बघून त्यांनी टेबलावरचा पृथ्वीचा गोल उचलून खिडकीत ठेवला. तो आधीच एका बाजूला कलला होता. हाल्या आणि मी टेबल उचलून आणलं. पाड्याची सगळी भूकंपविरोधी व्यवस्था आमच्या दारातून आडवी करून आत न्यावी लागली, कारण ती उभी जाईना.

टेबल न्हाणीच्या कोपऱ्यात, भेगेच्या भिंतीखाली, नाळेच्या बरोबर वर ठेवलं. वहिनीने खाली गोधडी अंथरली आणि पोरीला घेऊन आत बसली. टेबलाच्या खालच्या बाजूला पोरांनी करकटकाने नावं कोरली होती. रविंद्रचंही होतं. वहिनीने ते बोटाने चाचपून बघितलं, मग पोरीला दाखवलं. "हे बघ, पप्पा."

ती टेबलाखाली गेली कारण सासूने तिच्यासाठी काहीतरी आणलं होतं. तिला ते पुरेसं नव्हतं हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण आई आता उंबऱ्यावर जाऊन बसली होती, पाय आडवे घालून, आणि सासूला ओलांडून ओली बाळंतीण बाहेर कशी जाणार?

"परवापर्यंत," आई म्हणाली.

"आणि भिंत टेबलापेक्षा जड निघाली तर?" वहिनीने खालून विचारलं.

आईचा हात उंबऱ्याच्या लाकडावरून फिरत होता.

पाचवीच्या दिवशी दुपारीच बारकीआजी आली. तिने टेबल बघितलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"मी या वयात खाली रांगू?"

"देवी येणार खाली, तर तुला काय झालं," मी म्हटलं.

"देवीची कंबर दुखत नाय."

"म्हणजे तेवढं तिला जमत नाही. कंबर दुखणं."

"आये, याला बाहेर काढ," बारकीआजी म्हणाली. ती आईपेक्षा वीस वर्षांनी मोठी असेल, पण सगळ्यांनाच आये म्हणते. तिने पाटा टेबलाखाली ढकलला, वरवंटा उभा केला, त्याला हळद लावली. मी पाट्याशेजारी तांदळाची परडी सरकवली. आई चुलीपाशी अंडं उकडत होती.

तेव्हा आवाज आला.

त्या आवाजाचं वर्णन करता येत नाही. तो कानाने ऐकू येत नाही, पायाने येतो. मग जमीन सरकली. इतके दिवस ती थरथरायची, त्या दिवशी सरकली, पायाखालची चटई कुणी ओढावी तशी. मांडणीवरचे डबे खाली आले. बारकीआजी होती तिथेच बसली. वहिनी पोरीवर ओणवी झाली आणि तिने टेबलाचा पाय घट्ट धरला. साहेबांनी सांगितलेलं पाड्यात फक्त तिने केलं.

आणि आई चुलीपासून उठून टेबलाखाली घुसली. वहिनीच्या हाताखालून तिने पोर ओढून काढली, छातीशी धरली आणि पळाली. मी पेंढ्यात, शेतात, चिखलात तिला कामं करताना बघितलंय, पण पळताना कधी बघितलं नव्हतं. तिने उंबऱ्याकडे बघितलंही नाही. मी वहिनीला हाताला धरून काढलं, बारकीआजीला कंबरेत उचललं, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा आई शेताच्या पार मध्यात, तंबूच्याही पुढे जाऊन उभी होती.

मग सगळं थांबलं आणि कुत्री भुंकायला लागली.

भिंत पडली नाही. म्हणजे पूर्ण पडली नाही. वरच्या काही विटा सुटल्या. थोड्या बाहेर पडल्या, थोड्या आत, टेबलावर. मी जाऊन बघितलं. टेबलाला टवका उडाला होता, पण ते भक्कम उभं होतं. खाली पाटा, हळद, तांदूळ, सगळं होतं तसं. पोर तिथे राहिली असती तरी तिला काही झालं नसतं. हे मी बाहेर येऊन कुणाला सांगितलं नाही.

वहिनी आईपाशी जाऊन उभी राहिली. पोर रडत होती. आईचा हात इतका आवळलेला होता की वहिनीला एकेक बोट सोडवावं लागलं.

"आई, द्या," ती म्हणाली. "द्या, भूक लागलीय तिला."

आईने पोर दिली. मग तिला कळलं की आपण कुठे उभ्या आहोत. तिने मागे वळून घराच्या दाराकडे बघितलं. पाचवी झालेली नव्हती. उंबरा ओलांडला होता. दुसऱ्या कुणी नव्हे, तिनेच.

बारकीआजी बांधावर बसून धापा टाकत होती. "सांजेला परत आत न्या," ती म्हणाली. "घाईत झालं. बाय समजून घेईल."

"नाही," आई म्हणाली.

"पाटा आत आहे. नाळ आत आहे."

"असू दे. आत न्यायची नाही."

"मग लिहायचं कसं?"

आई घराच्या मागच्या बाजूला गेली. बाहेर पडलेल्या विटांतली एक तिने उचलली, पदराने पुसली आणि तंबूच्या तोंडाशी आणून मातीत बसवली. पक्की आहे का ते हाताने दाबून बघितलं.

"हिच्यावर मांड," ती म्हणाली.

"विटेवर?" बारकीआजी म्हणाली.

"मागे विटेवरच मांडलं होतं."

बारकीआजीला भट्टीवरचं माहीत असणार. अशा गोष्टी सुईणीला माहीत असतात. ती आईकडे बघत राहिली, मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि हळद मागितली. माझ्या तोंडाशी आलं होतं की मागच्या वेळी विटेवर मांडलं त्याचं काय झालं. कधी गप्प बसायचं हे मला साधारण कळत नाही. त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी दिवा लावला. वारा होता, म्हणून हाल्याने घमेलं आडवं धरलं. बारकीआजीने विटेला हळदकुंकू लावलं, अंडं ठेवलं, ताडी शिंपडली, उरलेली बाजूला ठेवली, स्वतःसाठी. पोरीला टेकवून पाया पडवलं. तांदळाची रास घालायची वेळ आली तेव्हा आईने परडी स्वतःकडे घेतली. विटेवर एक रास घातली. मग तिच्या शेजारी आणखी एक घातली, लहान.

वहिनीने ती रास बघितली आणि माझ्याकडे बघितलं. तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिने पदर सारखा केला आणि सासूच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल अशी बसली.

"ती येईल ना, आई?" तिने विचारलं. आता तिच्या आवाजात ती खात्री नव्हती. रात्र पडत होती, पोर उघड्यावर होती.

"येईल," आई म्हणाली.

"नाळ आत आहे तरी?"

"तरी."

हे शब्द तिला किती जड गेले ते मला, वहिनीला आणि बारकीआजीलाच कळलं असेल, आणि चौथी कुणी असेल तर तिला. येईल म्हटल्यावर सटवाई भट्टीवरही आली होती. नातीचं कपाळ रिकामं राहू नये म्हणून आईने आपला लहान देव सोडून दिला होता.

"मी बसते जागी," ती म्हणाली. "तुम्ही झोपा. मला तिला एक विचारायचं आहे."



मी सकाळी उठलो तेव्हा धुकं होतं. दिवा कधीतरी विझला होता. तंबूच्या बांबूला टेकून, तोंड उघडं टाकून आई गाढ झोपली होती. तिचा एक हात विटेवर होता. तांदूळ दोन्ही राशींतले बरेचसे गेलेले होते. शेजारी आमचीच कोंबडी फिरत होती, तिचा चेहरा निर्विकार होता.

मी आईला हलवलं. "आये. आली का?"

तिने डोळे उघडले, आधी पोरीकडे बघितलं. पोर वहिनीच्या कुशीत होती, श्वासाने गोधडी खालीवर होत होती.

"मला झोप लागली," आई म्हणाली.

"कधी?"

"लगेच."

नोव्हेंबरपासून ती धड झोपली नव्हती. मला वाटतं त्याच्याही कितीतरी आधीपासून.

"मग विचारायचं राहिलं."

"राहिलं." तिने विटेवरचे उरलेले तांदूळ बोटाने एकत्र केले. "ती आली असेल, आणि मी झोपलेली बघून उठवलं नसेल."

"तेवढं तर तिला जमलं असतं. उठवायला."

"हो," आई म्हणाली. "जमलं असतं."

ती उठून पोरीपाशी गेली आणि तिचं कपाळ उजेडात करून बघितलं, अंगठ्याने पुसून पुन्हा बघितलं.

"दिसतंय काही?" वहिनीने विचारलं. ती जागीच होती.

"नाही," आई म्हणाली. "माझ्या शुक्रीच्याही दिसलं नव्हतं."

तेवढ्यात हाल्या धुक्यातून आला. तो शाळेमागे जाऊन आला होता. कालच्या हादऱ्याने नारळ सुटला, तो म्हणाला, त्याने दगड टाकून बघितला तर पार खालून आवाज आला. म्हणजे आता पाडा तळापर्यंत बांधला गेला.

"तळ कुठे आहे?" आईने विचारलं.

"ते काय आपल्याला माहीत," हाल्या म्हणाला.

महिन्याभराने रविंद्र आला आणि आम्ही भिंत नीट केली. पडलेल्या सगळ्या विटा परत लावल्या, एक सोडून. ती आईने दिली नाही. रविंद्र म्हणाला, नवी आणू. आई म्हणाली, नको, राहू दे जागा. त्या भोकातून आता सकाळी ऊन येतं आणि सरडा तिथेच असतो. वीट आईच्या उशाशी आहे. ती रोज तिला हात जोडत नाही. कधी जोडते, कधी नुसतीच तिच्याकडे पाठ करून झोपते.